बेसवर ऑक्टेव्ह पेडल अडखळतंय? नवीन घेण्याआधी हे तपासा

ऑक्टेव्ह पेडल म्हणजे बेस गिटारच्या सुरासोबत त्याच सुराचं खालचं सप्तक वाजवणारं पायाखालचं यंत्र. बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमचं असेल तर पुढे वाचा.

- जाड ई तारेवर सूर धरला की खालचं सप्तक येतं, जातं, परत येतं. गुळण्या केल्यासारखा आवाज.
- सूर विरत असताना अगदी शेवटी आवाज टुणकन वरच्या सप्तकात उडी मारतो.
- दोन तारा एकत्र वाजल्या की नुसता खरखराट.
- बोट आधी वाजतं, खालचा सूर मागून येतो.
- बाकी सगळं ठीक, पण एकाच तारेच्या दोन-तीन फ्रेटवर हमखास बोंब.
- हेडफोनवर जबरदस्त, अ‍ॅम्पवर मात्र खालचं सप्तक गायब. स्पीकर हलताना दिसतो, ऐकू काही येत नाही.

या भानगडीत मी स्वतः दोन पेडल विकून तिसरं घेतलं, आणि तिसऱ्यानेही तेच केलं तेव्हा कुठे डोकं चालवलं. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच बेसवाल्यांची पेडल माझ्या टेबलावर येऊन गेली. त्यातली खरोखर बिघडलेली मोजकीच. बाकीच्यांत पेडलला जो सिग्नल मिळत होता तोच गढूळ होता.

हे पेडल आत काय करतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. अ‍ॅनालॉग ऑक्टेव्ह पेडल तुमचा सूर 'ऐकत' नाही, ते आवर्तनं मोजतं. तारेची दोन आवर्तनं झाली की ते स्वतःचं एक पूर्ण करतं. वारंवारता निम्मी झाली, म्हणजे सूर एक सप्तक खाली. १९८२ साली आलेलं बॉसचं ओसी-२ याच तत्त्वावर चालतं: आतल्या फ्लिप-फ्लॉप सर्किटमधून एकदा निम्मं केलं की एक सप्तक खाली, पुन्हा निम्मं केलं की दोन. त्यामुळे मोजणी चुकली की सूर चुकला.

बेसवर मोजणी चुकते कारण तार कधीच एकटा मूळ सूर देत नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसंच इथेही आहे. मोकळ्या, म्हणजे बोट न दाबलेल्या, ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, पण तिच्यातूनच ८२, १२४ अशी वरची कंपनंही निघत असतात, आणि पिकअपपाशी, म्हणजे तारांखालच्या चुंबकी उपकरणापाशी, पोचेपर्यंत ८२ चं कंपन बरेचदा मूळ ४१ पेक्षा जोरदार असतं. पेडलला ज्या क्षणी ८२ मोठं दिसलं त्या क्षणी ते दुप्पट मोजतं आणि आवाज वरच्या सप्तकात उडतो. पुढच्या बारीक तारांवर हा त्रास कमी होतो, कारण तिथे मूळ सूर पिकअपला भरपूर मिळतो.

आता तपासण्या. क्रम फुकटातल्या आणि सोप्यापासून कटकटीच्या आणि खर्चिकापर्यंत आहे. तो मोडू नका. पाचवी तपासणी आधी करून पहिली राहिली, तर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

१. वाजवताय कुठे?

पेडलवरचा मूळ आवाजाचा नॉब पूर्ण बंद करा, फक्त खालचं सप्तक ठेवा. आता ए तारेवर सातवा फ्रेट वाजवा. हा ८२ हर्ट्झचा ई, म्हणजे पेडलमधून ४१ हर्ट्झ यायला हवा, तुमच्या मोकळ्या ई तारेइतका. सूर भरीव आणि स्थिर आला तर पेडल धडधाकट आहे, निश्चिंत व्हा.

मग तीच परीक्षा खाली खाली न्या: ए तारेचा पाचवा फ्रेट, तिसरा, मग मोकळी ए, मग ई तार. कुठेतरी एक उंबरठा लागेल, त्याच्याखाली आवाज लटपटायला लागतो. माझ्या बेसवर तो ए तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या आसपास आहे. उंबरठा असणं हा बिघाड नाही. मोकळ्या ई चं खालचं सप्तक म्हणजे जेमतेम २०.६ हर्ट्झ, माणसाच्या कानाची खालची हद्दच साधारण २० ची. पाच तारांच्या बेसवर मोकळी बी वाजवून 'ऑक्टेव्ह येत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा: ३०.९ चे निम्मे १५.४. हा सूर नीट आला असता तरी तुम्हाला ऐकू आला नसता.

म्हणून ज्या ओळीत ऑक्टेव्ह वापरायचा ती ओळ वरच्या फ्रेटवर हलवा. डी आणि जी तारांवर सातव्या ते बाराव्या फ्रेटमध्ये हे पेडल सगळ्यात सुखात असतं. दोन सप्तकं खाली हवं असेल तर आणखी वर जा. जी तारेच्या बाराव्या फ्रेटवर १९६ हर्ट्झ मिळतात, दोनदा निम्मे केले की ४९. हा सूर कामाचा. ए तारेच्या पाचव्या फ्रेटवरून दोन सप्तकं उतरलात तर १८ वर पोचता, तिथे कोणी राहत नाही.

२. टोन नॉब आणि पिकअप

टोन पूर्ण बंद करा. वरची कंपनं गाळली गेली की पेडलला मूळ सूर स्पष्ट दिसतो. बेसला दोन पिकअप असतील तर मानेकडचा एकटा ठेवा. पुलाजवळ, म्हणजे बेसच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तार कमी हलते आणि मूळ सूर तिथे सगळ्यात मवाळ असतो, तिथला पिकअप बहुतेक वरची कंपनंच पाठवतो.

एवढ्या दोन हालचालींत निम्मी प्रकरणं मिटतात. एक मुलगा महिनाभर हैराण झालेला, नवं पेडल घ्यायच्या बेतात होता. माझ्याकडे येऊन बसला. पुलाकडचा पिकअप पूर्ण उघडा, टोन पूर्ण उघडा, नव्या कोऱ्या स्टीलच्या तारा. मी त्याच्या हातातला बेस न घेता फक्त दोन नॉब फिरवले. त्याने तोच सूर परत वाजवला, मग पेडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही पेडलला हातपण नाही लावला," म्हणाला.

टोन बंद केल्यावर मूळ आवाज बोथट होतो ही तक्रार खरी आहे. त्यावर आठव्या तपासणीत बोलू.

३. हात

ही तपासणी फुकट आहे, तरी लोकांना सगळ्यात जास्त जड जाते.

एक, कुठे छेडताय. तार बरोब्बर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाची कंपनं दबतात, म्हणजे नेमकं ते त्रासदायक दुसरं कंपनच मरतं. मोकळ्या तारेचा मध्य बाराव्या फ्रेटवर. सातव्या फ्रेटवर बोट असेल तर वाजणाऱ्या तुकड्याचा मध्य एकोणिसाव्यावर, म्हणजे फिंगरबोर्डाच्या टोकाशी. उजवा हात तिथे न्या, अंगठ्याच्या मांसल भागाने किंवा बोटाच्या पेराने छेडा. फरक ऐकायला कानात तेल घालून बसावं लागत नाही.

दोन, किती जोरात. जोराने ओढलेली तार फ्रेटवर आपटते, आणि त्या पहिल्या क्षणी सिग्नलमध्ये सूर कमी आणि खडखडाट जास्त असतो. पेडल तो खडखडाटही इमानेइतबारे मोजतं. हलकं वाजवा, आवाज अ‍ॅम्पवर वाढवा. स्लॅप करताना, म्हणजे अंगठ्याने तार आपटत वाजवताना, खालचं सप्तक स्वच्छ मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका.

तीन, बाकीच्या तारा. एकसुरी पेडलला एका वेळी एकच सूर समजतो. तुम्ही डी तारेवर वाजवताना ए तार नकळत घुमत असेल तर पेडलच्या दृष्टीने ते दोन सूर आहेत. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर टेकलेला ठेवा, डाव्या हाताची रिकामी बोटं बारीक तारांवर हलकी पसरा. शंका असेल तर एक जुना मोजा घेऊन पहिल्या फ्रेटपाशी तारांभोवती सैल गुंडाळा आणि परत वाजवा. खरखर थांबली तर दोष घुमणाऱ्या मोकळ्या तारांचा होता.

चार, सूर सोडताना. विरत जाणाऱ्या तारेवर एक क्षण असा येतो की मूळ सूर पडतो आणि वरचं कंपन शिल्लक राहतं. लक्षणांतली ती 'टुणकन उडी' इथली. तिच्यावर नॉब नाही. तो क्षण यायच्या आत तार हाताने बंद करायची. ऑक्टेव्ह वापरणारे मुरलेले वादक सूर तोडून तोडून वाजवतात त्यामागे हे एक कारण आहेच.

४. पेडलवरचाच स्विच किंवा जॅक

हसू नका. बॉसच्या ओसी-३ ला गिटारसाठी वेगळा आणि बेससाठी वेगळा इनपुट जॅक आहे. ओसी-५ वर गिटार आणि बेस असा स्विच आहे. दुसऱ्याकडून घेतलेल्या पेडलवर तो गिटारवर राहिलेला मी पाहिलाय. शिवाय एकसुरी आणि अनेकसुरी असे दोन मोड असतील तर दोन्हीत एकदा वाजवून पाहा.

५. साखळीत पेडल कुठे आहे

सगळी पेडल काढा. बेस, एक केबल, ऑक्टेव्ह, दुसरी केबल, अ‍ॅम्प. बस. त्रास गेला तर गुन्हेगार साखळीत आहे. मग एकेक पेडल परत जोडत जा आणि प्रत्येक वेळी तोच एक सूर वाजवा.

ऑक्टेव्ह शक्यतो पहिलं. डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब हे सगळे सिग्नलमध्ये काहीतरी भर घालतात, आणि भर घातलेल्या सिग्नलची मोजणी अवघड. डिले आधी असेल तर मागचा सूर आणि नवा सूर एकदम आत जातात, मग एकसुरी पेडलने करायचं काय? याला एक अपवाद आहे तो कॉम्प्रेसरचा, म्हणजे आवाजातली चढउतार कमी करणाऱ्या पेडलचा. तो आधी ठेवला तर सूर जास्त वेळ एका पातळीवर राहतो आणि पेडलला मोजायला उसंत मिळते. मात्र फार आवळलेला कॉम्प्रेसर घुमणाऱ्या तारांनाही उचलून धरतो, तेव्हा तिसरी तपासणी आधी पक्की करा.

६. वीज

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच तपासून सोडून देतात.

बेसमधली बॅटरी: बेस अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असेल, तर मागचं झाकण उघडा आणि ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला. बॅटरी उतरली की आतला प्रीअँप जोरदार सुरांवर सिग्नल चिरडतो. साध्या वाजवण्यात हे लक्षात येत नाही, कान सवयीचा झालेला असतो. ऑक्टेव्ह पेडल मात्र लगेच चुगली करतं. माझं तिसरं पेडल निर्दोष सुटलं ते असंच. अशा बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, वाजवा किंवा वाजवू नका. मी रात्र रात्र केबल तशीच ठेवायचो.

पेडलची बॅटरी किंवा अडॅप्टर: बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी आणि मध्यभागी ऋण टोक लागतं, पण 'बहुतेक' वर विसंबू नका, पेडलवर छापलेलं चिन्ह वाचा. करंटचा आकडाही तिथेच असतो. अ‍ॅनालॉग पेडल थोडक्यात भागवतं, डिजिटल खादाड असतं. अडॅप्टर कमी पडला तर ते चालू तर होतं, पण मधेच अडकतं किंवा किंचाळतं. एकाच अडॅप्टरवरून माळ लावून पाच पेडल चालवत असाल तर त्या शिट्टीसारख्या आवाजाचं मूळ तिथेच शोधा.

तिसरी गोष्ट जुन्या बॉस पेडलवाल्यांसाठी. त्यावर 'एसीए' अडॅप्टर वापरा असं छापलेलं असेल तर ते पेडल आजच्या ९ व्होल्ट स्थिर अडॅप्टरसाठी केलेलं नाही. आत व्होल्टेज उतरवायची सोय असल्यामुळे त्याला मिळतात ९ पेक्षा कमी. दिवा मंद लागतो, आवाज अशक्त येतो, आणि मालक म्हणतो जुनी पेडल उगाच नावाजतात. ओळखायचा उपाय सोपा: अडॅप्टर काढा, ताजी बॅटरी घाला. बॅटरीवर पेडल जागं झालं तर अडॅप्टर बदलायचा, पेडल जपून ठेवायचं.

७. केबल

दुसऱ्या चांगल्या केबलने पाहा, जॅक हलवून पाहा. यावर जास्त काय लिहिणार.

८. तारा, पिकअपची उंची, सेटअप

आता पाना आणि स्क्रूड्रायव्हर हातात येतो, थोडा खर्चही सुरू होतो.

पिकअप तारेला फार जवळ असेल तर त्याचं चुंबक तारेला ओढतं आणि ती स्वच्छ डोलत नाही. एकाच सुरात बारीक लाटा ऐकू येतात. पेडलशिवायही हे ऐकू येतं, पेडल ते दसपट करून दाखवतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार व पिकअप यांच्यातलं अंतर बघा. ३ मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करायला बरं. स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, वाजवायचं, परत अर्धा. आधी किती होतं ते कागदावर लिहून ठेवा.

तारांबद्दल एक गैरसमज आहे की नव्या तारांनी ऑक्टेव्ह सुधारतो. उलट नव्या चकचकीत तारांत वरची कंपनं भरपूर असतात. फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा किंवा थोड्या मुरलेल्या तारा या पेडलला जास्त मानवतात. पण मुरलेली वेगळी आणि मेलेली वेगळी. गंजलेल्या, कुठे जाड कुठे बारीक झालेल्या तारेची वरची कंपनं मूळ सुराशी जुळत नाहीत, ती तार बदलाच.

'एकाच जागी बोंब' हे लक्षण असेल तर जी तारेचा पाचवा ते सातवा फ्रेट आधी तपासा. बोल्ट लावलेल्या मानेच्या कित्येक बेसवर तिथे एक मेलेली जागा असते: मान स्वतःच त्या वारंवारतेला डोलते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. मूळ सूर लवकर पडतो, पेडल वर उडी मारतं. हा लाकडाचा स्वभाव आहे. तोच सूर डी तारेवर दहाव्या ते बाराव्या फ्रेटवर मिळतो, तिथे वाजवा.

आणि ती टोन बोथट होण्याची तक्रार. मूळ आवाज तेजदार हवा आणि ऑक्टेव्हही स्वच्छ हवा, तर सिग्नल दोन वाटांनी न्या. एका वाटेवर लो-पास फिल्टर (वरची कंपनं अडवणारा) आणि ऑक्टेव्ह, दुसऱ्या वाटेवर मूळ आवाज, शेवटी मिक्सर. काही पेडलमध्ये मूळ आवाजाचा वेगळा आउटपुट असतोच. खटाटोप आहे, पण स्टुडिओत मी असंच करतो.

९. ऐकताय कशावर

ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटचं खालचं सप्तक ३२.७ हर्ट्झ. कित्येक बेस कॅबिनेटांचा आवाज ५० च्या खाली झपाट्याने ढासळतो. एकाच पेटीतले लहान कॉम्बो तर विचारूच नका. पेडल सूर देत असतं, कॅबिनेट तो पुढे पोचवत नाही, आणि आपण पेडलचा नॉब वाढवत बसतो.

हे धोक्याचंही आहे. पुढे भोक असलेलं कॅबिनेट ज्या वारंवारतेला जुळवलेलं असतं तिच्याखाली स्पीकरच्या पडद्याला आतल्या हवेचा आधार राहत नाही. पडदा सुटल्यासारखा मागेपुढे फडफडतो. फट-फट आवाज आला तर ताबडतोब आवाज कमी करा. ऑक्टेव्हनंतर ३० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावला तर न ऐकू येणारा कचरा कापला जातो आणि ऐकू येणारा सूर उलट घट्ट वाटतो. हेडफोनवर खालचं सप्तक स्वच्छ आणि अ‍ॅम्पवर गायब असेल तर पेडल बदलून काहीही होणार नाही.

१०. एवढं करूनही नाही? मग पेडलचा प्रकार

अ‍ॅनालॉग एकसुरी पेडल लगेच उत्तर देतं, त्याचा सूर जाडाभरडा, सिंथसारखा असतो. ते एका वेळी एकच सूर घेतं आणि खाली अडखळतं. डिजिटल अनेकसुरी पेडल, उदाहरणार्थ इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग, दोन-तीन सूर एकदम झेलतं, वरचं सप्तकही देतं, उड्या मारत नाही. पण त्याला सिग्नल समजून घ्यायला वेळ लागतो. ४१ हर्ट्झचं एकच आवर्तन २४ मिलिसेकंदांचं असतं. आवर्तनच पूर्ण झालं नाही तर सूर कोणता ते सांगायचं कसं? म्हणून खालच्या सुरांवर ते मागे पडल्यासारखं वाटतं. मूळ आवाज जास्त मिसळला की तो उशीर झाकला जातो.

एकल सुरांच्या फंकी ओळी आणि सिंथ बेस हवा असेल तर एकसुरी घ्या आणि हाताला शिस्त लावा. कॉर्ड, दोन-दोन सूर, वरचं सप्तक मिसळून ऑर्गनसारखा भरलेला आवाज हवा असेल तर अनेकसुरी. माझ्या बोर्डवर एकसुरी आहे. अडखळण्यापेक्षा उशीर मला जास्त बोचतो. घेण्याआधी स्वतःचा बेस नेऊन ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर लांब सूर धरून पाहा. पेडलची खरी ओळख तिथे होते, दाखवणारा मात्र नेहमी बाराव्या फ्रेटवरच वाजवतो.

कुठे थांबायचं

जळका वास आला, पेडल तापलं, किंवा उलट टोकाचा अडॅप्टर लागल्यावर बंद पडलं तर परत परत चालू करून पाहू नका. आतला संरक्षक डायोड गेला असेल तर जाणकार माणूस थोडक्यात बदलतो. तुमच्या पुढच्या प्रयत्नात त्यामागचं सर्किट जाऊ शकतं. पेडलच्या आत स्क्रूने फिरणारे छोटे ट्रिमपॉट दिसले तर फिरवू नका, ते कारखान्यात मोजून लावलेले असतात आणि मूळ जागा परत सापडत नाही.

अ‍ॅम्प तर उघडूच नका. विशेषतः व्हॉल्व्हचा. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही प्राणघातक व्होल्टेज धरून ठेवू शकतात.

ट्रस रॉड, म्हणजे मानेतली बाक ठरवणारी सळई, घट्ट लागत असेल, पाना जोर लावूनच फिरत असेल, तर तिथेच सोडा. बेस दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. स्पीकरचा पडदा हाताने हलका दाबल्यावर घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल सरकलेली किंवा बिघडलेली असते, तेही घरी होणारं काम नाही.

आणि दुरुस्तीला देताना 'ऑक्टेव्ह नीट चालत नाही' एवढंच सांगू नका. चिठ्ठी चिकटवा: कोणती तार, कोणता फ्रेट, कोणता पिकअप, बॅटरीवर की अडॅप्टरवर, बेस थेट जोडून की साखळीतून. मी हल्ली चिठ्ठीशिवाय पेडल घेतच नाही, आणि चिठ्ठी लिहायला बसलेल्या दर चारांतला एक जण थोड्या वेळाने फोन करून सांगतो, "राहू द्या, बॅटरी होती."